बाबांची उपनगरांची फाईल

आमच्या घरी सात वर्षं स्वयंपाकघर नव्हतं. खोली होती, तिला खिडकी होती, भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन पाइप होते. पण ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा असंच मिळतं. आधीचा भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर सोडवून बरोबर घेऊन जातो, नाहीतर नव्या माणसाला विचारतो, ठेवून जाऊ का म्हणून. आमच्या आधीच्या गृहस्थांनीही विचारलं होतं. पांढरी कपाटं, चार चकत्यांची शेगडी, ओव्हन, सगळं जागच्या जागी बसवलेलं होतं. बाबा म्हणाले, नको. आपण इथे फार तर तीन वर्षं आहोत, पुढे अमेरिकेला जायचंय, हे धूड कशाला गळ्यात घ्यायचं. त्या गृहस्थांनी मग दोन दिवस खपून सगळं उतरवलं. छताचा दिवासुद्धा नेला. आई त्या खोलीच्या दारात ओढणी कमरेला खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पण मी भांडी कुठे घासू?"

भांडी बाथटबमध्ये घासली जायची. रात्रीची खरकटी भांडी एका प्लास्टिकच्या टोपलीत जमायची, आई ती बाथरूममध्ये न्यायची, टबाच्या काठाशी पाटावर बसायची आणि हाताने धरायच्या शॉवरखाली एकेक विसळायची. तोवर कोणाला आंघोळ करायची नाही. टबाच्या तळाला हळदीचा एक पिवळा पट्टा पडला होता, तो कशानेच जात नसे. शाळेत जाण्याआधी घाईघाईने आंघोळ केली की पाठीला कधी जिरं चिकटलेलं असायचं, कधी मोहरी. स्वयंपाक व्हायचा तो त्या रिकाम्या खोलीत, बागेत वापरतात तसल्या घडीच्या टेबलावर ठेवलेल्या दोन चकत्यांच्या विजेच्या शेगडीवर. ती शेगडी तापायला पाच मिनिटं घ्यायची आणि तापली की आपोआप बंद व्हायची, मग पुन्हा चालू. तिच्या पोटातून सारखा टक्, टक् असा आवाज यायचा. त्या टकटकीवर आई फोडणी करायची. पोळी फुगायची नाही, कारण जाळच नव्हता. ती फडक्याने दाबून दाबून पोळी फुगवायची, आणि एखादी खरंच टम्म फुगली की ती ताटात वाढताना माझ्याकडे बघायची. आजही कुठे टक् असा आवाज झाला की मला भूक लागते.

सगळ्याचं मूळ भाऊकाका. हे बाबांचे थोरले भाऊ. ते बाबांच्या लग्नाआधीच शिकागोजवळच्या एका उपनगरात जाऊन स्थायिक झाले होते. तिथलं नागरिकत्व मिळालेला माणूस आपल्या भावासाठी, त्याच्या बायकोमुलांसकट, अर्ज करू शकतो. भाऊकाकांनी तो केला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आम्ही पुण्यात होतो. अर्ज केला म्हणजे रांगेत उभं राहायचं. अमेरिकन सरकार दर महिन्याला एक तक्ता काढतं, की आता अमुक तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला आहे. ती तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकायची, कधी महिनोन्‌महिने हलायची नाही, आणि कधी चक्क मागे जायची. दरम्यान बाबांच्या कंपनीने त्यांना जर्मनीत पाठवलं. ते पंपांचं डिझाईन करत. बाड हॉम्बुर्गला, फ्रँकफुर्टपासून एस-बान या लोकल गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मी नऊ वर्षांची होते. बाबांच्या दृष्टीने हा वाटेवरचा थांबा होता. तक्ता निघाला त्या दिवशी संध्याकाळी ते दारात बूट कसे काढतात यावरून आम्हाला तारीख कळायची.

वाटेवरच्या थांब्यावर कोणी पडदे लावत नाही. आम्हीही लावले नाहीत. मला पलंग नव्हता, गादी होती. आईने जर्मन शिकायच्या वर्गाचं नाव काढलं तर बाबा म्हणायचे, "जायचंच आहे आपल्याला, कशाला डोकं शिणवतेस?" मी पोहण्याच्या क्लबात नाव घालायचं म्हटलं तर तेच. मांजर पाळायचं म्हटलं तर मांजराला विमानात कसं नेणार. बाबा चिडून कधीच बोलायचे नाहीत, आणि हीच पंचाईत होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ते इतक्या समजुतीने, इतक्या प्रेमाने नाही म्हणायचे की आपणच अडाणी ठरायचो. मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. दार उघडं होतं, कोणी अडवलं नव्हतं, तरी कशालाच हात लावायचा नाही, कारण ते आपलं नाही. शाळेतल्या मैत्रिणींना मी घरी कधी बोलावलं नाही. स्वयंपाकघर कुठे आहे असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

आणि बाबांची फाईल होती. इथे ऑफिसात असते तशी जाडजूड, लोखंडी कमानीची ऑर्डनर, पाठीवर बाबांच्या सुरेख अक्षरात 'Suburbs'. बाबांना वाटायचं, भाऊकाकांच्याच गावात जायला पाहिजे असं नाही, एकदा देशात शिरलं की कुठेही राहता येईल, तेव्हा अभ्यास आधी केलेला बरा. म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या नावाजलेल्या उपनगरांची माहिती जमवली होती. एकेका उपनगराला एकेक रंगीत पान, त्यात नकाशा, शाळांचे दहापैकी गुण, हवामान, आणि सगळ्यात वर एका ओळीत, हे गाव देशभर कशामुळे प्रसिद्ध आहे. त्या ओळीवर बाबांचा फार जीव. एरवी पाच-पन्नास हजार वस्तीची गावं, शहराच्या कडेला झोपायला जायची ठिकाणं. त्यांतलं एखादंच सगळ्या देशाच्या तोंडी का बसतं, हे त्यांना खरोखर कोडं वाटायचं. रविवारी पोहे झाले की ते फाईल मांडीवर घ्यायचे आणि मला विचारायचे.

"लेव्हिटाऊन?"

"युद्धानंतर बांधलेली एकसारखी घरं."

"गेनाऊ, बरोबर. ओक पार्क?"

"एका मोठ्या आर्किटेक्टने बांधलेली घरं."

"एडिसन?"

"आपली माणसं."

"आणि वाणसामान," आई तिकडून म्हणायची. तिला त्या यादीत तेवढं एकच गाव मनापासून आवडायचं.

मी उत्तरं द्यायचे ती निम्मी जर्मनमध्ये, निम्मी मराठीत. घरात मी बहुतेक जर्मनच बोलायचे. आईबाबा मराठीत विचारायचे, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हळूहळू माझ्याही लक्षात आलं होतं, की उपनगर प्रसिद्ध व्हायला फार काही लागत नाही. एखाद्या सिनेमावाल्याने तिथली गल्ली निवडली, मासिकाच्या यादीत तीनदा नाव आलं, श्रीमंतांनी हिरवळी राखल्या, नाहीतर काहीतरी वाईट घडलं आणि आठवडाभर टीव्हीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. या शेवटच्या प्रकारातल्या गावांची पानं बाबा फाईलमधून काढून टाकत. भाऊकाकांचं उपनगर प्रसिद्ध होतं ते शाळांसाठी. दहापैकी नऊ. लोक म्हणे मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की घर विकून तिथे यायचे आणि मुलं कॉलेजला गेली की निघून जायचे. हे सांगताना बाबांचा आवाज बदलायचा.

सुट्टीच्या दिवशी भाऊकाकांचा व्हिडिओ कॉल यायचा. ते लॅपटॉप उचलून घरभर फिरवायचे आणि आम्ही तिघं बाबांच्या लॅपटॉपसमोर डोकी जुळवून ते घर बघायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध एक मोठा ओटा होता, चारी बाजूंनी मोकळा. काकू त्यावर कोथिंबीर निवडत असायची. तो ओटा पडद्यावर आला की आई बोलायची थांबायची. एकदा कॉल बंद झाल्यावर ती म्हणाली, "केवढा तो ओटा. तिच्या एकटीच्या कोथिंबिरीला." आणि टोपली उचलून बाथरूममध्ये गेली. बाबा म्हणाले, "तुलाही होईल तसा, वंदना." आतून शॉवरचा आवाज आला.

गंमत म्हणजे आम्ही उपनगरातच राहत होतो. घरापासून दहा मिनिटांवर मोठी बाग, तिला कूरपार्क म्हणायचे. तिथे औषधी पाण्याचे झरे, दुरून ते पाणी प्यायला आलेली म्हातारी माणसं, मागे टाउनुसच्या टेकड्या. आई कधीमधी मला घेऊन तिथे जायची, झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायची आणि तोंड वाकडं करायची. खारट, लोखंडी चव. "एवढं घाण आहे म्हणजे गुणकारी असणार," म्हणायची आणि पुन्हा प्यायची. बाबा बरोबर आले तरी झाडांकडे बघत नसत. ते तिथेसुद्धा ओक पार्कमध्ये किती उंच झाडं आहेत ते सांगायचे.

आता त्या फाईलने माझं काय केलं ते सांगते. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. हुशार समजली जाणारी गिम्नासियुमला, म्हणजे जिथून पुढे विद्यापीठात जाता येतं. त्याखालोखाल रेआलशूले, जिथे दहावीपर्यंत शिकून पोरं कामाधंद्याला लागतात. मी वर्षभरापूर्वीच आलेली, जर्मन कच्चं, म्हणून बाईंनी माझ्या नावापुढे रेआलशूले सुचवली. पण शेवटचा शब्द आईवडिलांचा असतो. बाबा नुसतं नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पुण्यात असता तर मुलीच्या शाळेसाठी रात्रभर रांगेत उभा राहिला असता असा हा माणूस, इथे त्याने कागद वाचला, खांदे उडवले आणि सही केली. "दोन वर्षांचा प्रश्न. तिथे जाऊन नऊ गुणांच्याच शाळेत बसायचंय, इथे कशाला भांडायचं?" बरोबरीचे मराठी इंजिनियर फ्रँकफुर्टच्या गणपतीत भेटले की आपापल्या मुलांच्या गिम्नासियुमच्या गोष्टी सांगायचे, आणि बाबा मोदकाची पाकळी मोडत राहायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आजही या एका गोष्टीचा येतो.

दहावीत इंग्रजीच्या फ्राऊ केलर माझ्या वर्गशिक्षिका होत्या. उंच, पन्नाशीच्या, सायकलवरून येणाऱ्या. एका दुपारी त्यांनी मला थांबवून घेतलं आणि एक फॉर्म हातात दिला. माझे गुण चांगले होते; दहावीनंतर ओबरश्टुफेला, म्हणजे गिम्नासियुमच्या वरच्या तीन वर्गांना, मला जाता येणार होतं. तिथून विद्यापीठ. "आल्झो, हे बघ, तू अर्ज नाही केलास तर मला वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. मी फॉर्म दप्तरात घालून घरापर्यंत पळत आले. चौथीत बंद झालेलं दार पुन्हा किलकिलं झालं होतं आणि आता फक्त बाबांची सही हवी होती.

बाबांनी फॉर्म पूर्ण वाचला. दोन्ही बाजू. मग म्हणाले, "तीन वर्षं?"

"हो."

"मध्येच नंबर आला तर अर्धवट सुटेल गं. अर्धवट सोडणं वाईट. त्यापेक्षा वर्षभराचा एखादा कोर्स बघू. तारीख सरकतेय सध्या."

त्यांनी तो फॉर्म फ्रिजवर ठेवला. फेकला नाही, नाही म्हणाले नाहीत, नुसता ठेवला, सगळं ठेवायचे तसा. शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची होती. मी रोज शाळेतून आल्यावर आधी फ्रिजवर बघायचे. फॉर्म तिथेच, वर बाबांची किल्ली. आईने एकदा विषय काढला, तर ते म्हणाले, "माझं लक्ष आहे." फ्राऊ केलर वर्गात नजरेनेच विचारायच्या आणि मी मान खाली घालायचे. सोळाव्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण या घरातून कधीच कुठे जाणार नाही, ना इकडे ना तिकडे.

त्याच शुक्रवारी माझं इंग्रजीचं रेफेराट होतं, म्हणजे वर्गासमोर वीस मिनिटं एखाद्या विषयावर बोलायचं. विषय अमेरिकेतली उपनगरं. फ्राऊ केलरनी यादी वाचली तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. दुसऱ्या कोणत्या विषयाची तयार फाईल माझ्या घरी होती? मी बाबांना सांगितलं, आणि त्या माणसाचा चेहरा असा फुलला की मला फॉर्मबद्दलचा राग क्षणभर विसरायला झाला. आठवडाभर ऑफिसातून आल्या आल्या बाबा कपडेही न बदलता माझ्या खोलीत जमिनीवर बसायचे. आम्ही गादीवर रंगीत पानं पसरायचो. कोणतं गाव घ्यायचं, कोणतं गाळायचं यावर वाद घालायचो. आई बशीत चिवडा आणून द्यायची. मला वाटतं माझ्या सगळ्या लहानपणात बाबा माझ्याजवळ इतके कधी बसले नव्हते.

बुधवारी ते यायच्या आधी मी भाऊकाकांच्या गावाचं पान शोधत होते. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत, पानामागे, आणखी एक कागद चौपट घडी करून ठेवलेला होता. इंग्रजी, सरकारी. ज्याच्यासाठी अर्ज केला आहे त्याच्या मुलांबद्दल. मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची झाली की ती मूल धरली जात नाही, तिचं नाव अर्जातून गळतं; वयातून काही काळ वजा करायची सूट आहे, पण तेवढीच. त्या ओळीखाली रेघ होती. आणि समासात बाबांची आकडेमोड. माझी जन्मतारीख, अर्जाची तारीख, रांगेचा वेग, सूट, आणि खाली उत्तर. तेवीस वर्षं. त्याखाली पेन्सिलीने पुन्हा तेच गणित, साडेबावीस. मग हिरव्या शाईने, चोवीस. पाच वेळा केलं होतं ते गणित, पाच वेगवेगळ्या वेळी. एकदाही उत्तर एकवीसच्या आत आलं नव्हतं.

मी कागद पुन्हा घडी करून होता तिथे ठेवला. बाबा आले, जमिनीवर बसले, आम्ही लेव्हिटाऊनचं पान पुरं केलं. मी हो हो म्हणत राहिले. ज्या गावासाठी मला गादीवर झोपवलं होतं, त्या गावी मला नेताच येणार नव्हतं, आणि हे माझ्यासमोर बसलेल्या, चिवड्यातले शेंगदाणे वेचून मला देणाऱ्या माणसाला माहीत होतं. त्या संध्याकाळइतकी एकटी मी नंतर कधी झाले नाही.

गुरुवारी रेफेराटची तालीम होती. बाबांनी हौसेने त्या रिकाम्या स्वयंपाकघरात व्यवस्था केली, कारण भिंत मोकळी होती आणि तिथे तक्ते चिकटवता येत होते. ते स्टुलावर बसले, फ्राऊ केलर होऊन. आई शेगडीपाशी बटाट्याची भाजी परतत होती, पाठमोरी, पण कान माझ्याकडे. मी बोलले. एकसारखी घरं, प्रसिद्ध घरं, हिरवळी, याद्या, शाळा. चांगलं झालं ते; बाबांनी घड्याळ बघून मान डोलावली. मग खोटा बायकी आवाज काढून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "छान. आणि यांतल्या कोणत्या गावात राहायला तुला आवडेल?"

मी मराठीत म्हटलं, "बाबा, माझं नाव गळणार आहे."

आईने वळून पाहिलं. मी घरात आपण होऊन मराठी बोलले की ती अशीच बघायची. "कशातून गळणार?"

मी फाईल उघडली, कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिने हात ओढणीला पुसले, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि शेगडीजवळच्या उजेडात वाचायला लागली. आईचं इंग्रजी चांगलं होतं. पुण्यात ती बँकेत होती. तिने रेघ मारलेली ओळ वाचली. मग समास वाचला, वरून खाली, एकेक उत्तर. शेगडी टक् म्हणाली, थांबली, पुन्हा टक् म्हणाली. भाजी खाली लागायला लागली होती आणि कोणी ती हलवत नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"वंदना, नियम बदलतात. सूट असते. एखादा नवीन कायदा..."

"कधीपासून, अहो?"

बाबा स्टुलावर हात गुडघ्यांमध्ये घालून बसले होते. "ती सहावीत असताना वाचलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तारीख पळेल मध्येच. पळते कधी कधी."

आईने दोन्ही चकत्या बंद केल्या. ती ओरडली नाही. मला वाटलं ती ओरडेल, मला ते हवं होतं. ती म्हणाली, "मी सात वर्षं संडासाशेजारी बसून भांडी घासली. कंबर गेली माझी. तुमच्या अमेरिकेसाठी नाही घासली. हिच्या शाळेसाठी म्हणून घासली." मग कागद घडी करून तिने बाबांच्या हातात दिला, फ्रिजवरून फॉर्म काढला, तोही त्यांच्याच हातात दिला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाबा तसेच बसून राहिले. एका हातात तो कागद, एका हातात माझा. मी भिंतीवरचे तक्ते काढायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. करपलेली भाजी आम्ही दोघांनी ब्रेडबरोबर खाल्ली.

सकाळी मी दप्तर भरत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून डोकावले. बाबा ऑफिसच्या कपड्यांत जमिनीवर गुडघे टेकून भिंतीचं माप घेत होते. स्टीलची टेप, कानामागे पेन्सिल. इंजिनियर माणूस, मिलिमीटरमध्ये माप घेत होते, पाइप कुठे येतो, खिडकीची उंची किती, आणि लिहीत होते त्याच सरकारी कागदाच्या कोऱ्या पाठीवर. मला बघून म्हणाले, "ते टोक धर जरा." मी टेपचं टोक धरलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत. "ओटा खिडकीपाशी घेऊ," ते म्हणाले, "तिला उजेड लागतो." मग उठले, शर्टाच्या खिशातून फॉर्म काढला, भिंतीवर धरून त्यावर सही केली आणि माझ्याकडे न बघता दिला. सही भिंतीच्या खडबडीतपणाने वेडीवाकडी झाली होती. आठ दिवस मी जिची वाट बघितली ती सही हातात आली, आणि मला जराही आनंद झाला नाही. मला वाटलं, आता मी सुटले आणि बाबा आत राहिले.

रेफेराट बरं झालं. शेवटी फ्राऊ केलरनी वर्गाला विचारलं, "आणि आपलं गाव? आपणही उपनगरच आहोत. आपण कशासाठी प्रसिद्ध?" कोणी झरे म्हणालं, कोणी जुगारघर. त्यांनी सांगितलं, टोपी. पूर्वी एका राजाला इथली पुरुषांची एक टोपी आवडली आणि ती गावाच्या नावाने जगभर गेली. मला सात वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टोपीसाठी?" आई बाथरूममधून हसली. आदल्या दिवसापासूनचा तो तिचा पहिला आवाज.

स्वयंपाकघर दोन महिन्यांनी आलं. खिडकीपाशी ओटा, स्टीलचं सिंक, चार चकत्या. पहिल्या दिवशी आईने सिंकमध्ये एकच कप पाच वेळा विसळला. टबातला हळदीचा पट्टा मात्र तसाच राहिला. फाईल बाबांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, आणि माझ्यादेखत पुन्हा कधी काढली नाही. पण तक्ता निघायच्या दिवशी ते बूट काढतात कसे याकडे माझं लक्ष असायचंच. शाळेत मी गणितात पुढे गेले, मग भौतिकशास्त्र घेऊन येनाच्या विद्यापीठात आले, आता इथेच भिंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. बाबा अजून तक्ता बघतात का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्यापासून लपवलेल्या त्या गणिताबद्दल त्यांनी माफी मागितली नाही, आणि मीही मागू दिली नसती.

मला सत्ताविसावं चालू असताना एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. नुसते "ऐक" म्हणाले. मागे आईची भांडी वाजत होती, सिंकमध्ये पाणी पडत होतं.

"नंबर आला. पत्र आलंय."

"अरे वा, बाबा."

"दोन नावं आहेत. तुझं नाही त्यात."

"माहीत आहे मला."

"भाऊ म्हणतो, ताबडतोब निघा, वरची खोली रिकामी करून ठेवतो. वीस वर्षं वाट बघितली त्यानेही."

"मग? कधी निघताय?"

पाण्याचा आवाज बंद झाला. आई कान देऊन उभी असणार.

"छे गं," ते म्हणाले. "त्या गावात प्रसिद्ध काय, तर शाळा. आम्ही दोघं काय आता शाळेत जाऊन बसणार?"